संगणकाची समिती सोडून बाकी सगळ्यांना

प्रति,
मराठी, गणित, विज्ञान, इतिहास आणि भूगोल या विषय समित्यांचे सन्माननीय सदस्य,
राज्य पाठ्यपुस्तक मंडळ, पुणे

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र संगणकाच्या समितीला मुद्दामच लिहिलेलं नाही. 2025-26 पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. वरच्या इयत्तांची पुस्तकं आता टप्प्याटप्प्यानं बदलतील. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे, त्यामुळे डिजिटल साक्षरतेचा विषय निघाला की बैठकीतल्या सगळ्यांच्या माना संगणकवाल्याकडे वळतात. तो बिचारा मग कीबोर्डच्या भागांची नावं, रॅम आणि रॉममधला फरक, फोल्डर कसं तयार करायचं, असा एक धडा लिहून देतो आणि विषय मिटतो. मी खानदेशात मराठी आणि इतिहास शिकवतो. आधी साक्री तालुक्यात होतो, आता यावलकडे आहे. माझं म्हणणं असं की हे काम त्याचं एकट्याचं नाही. ते तुमचं आहे, आणि तुम्ही पुस्तकात घातलंत तर आमचं होईल.

साक्रीचं नाव घेतलं की राईनपाड्याबद्दल बोलावंच लागतं. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारलं. पाचही जण गेले. त्याआधी फोनाफोनांवर 'टोळी आली आहे' असे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतल्या एकाला उचलतात आणि पसार होतात. तो कराचीतल्या बालसुरक्षेच्या एका जाहिरातीचा तुकडा होता. मूळ जाहिरातीत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला भाग गावोगाव गेला. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याचा विषय काढला की "अडाणी लोक, दुसरं काय" म्हणून हात झटकणारे शिकलेसवरलेले पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मेसेज ज्यांनी पुढे पाठवले त्यांना फोन चालू करता येत होता, मेसेज वाचता येत होता, व्हिडिओ उघडता येत होता, एका बोटानं दहा ग्रुपवर पाठवता येत होता. आपण 'संगणक साक्षरता' म्हणून जे शिकवायला निघतो ते सगळं त्यांना येत होतं. जे येत नव्हतं ते वाचन. आणि वाचन शिकवणं हे मराठीच्या तासाचं काम आहे.

म्हणून मराठीपासून सुरुवात करतो. साक्रीला असताना आठवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर असा मेसेज लिहिला : 'सावधान! उद्यापासून जिल्ह्यात टोळी फिरणार आहे. पोलिसांकडून कळवण्यात आले आहे. मुलांना एकटे सोडू नका. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.' आणि व्याकरणाचा तास असल्यासारखं विचारलं, कर्ता शोधा. वर्ग गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, यामा कर्ताच नही शे." बरोबर होतं तिचं. 'कळवण्यात आले आहे' या वाक्यात कळवणारा माणूस कुठेच नाही. कोणते पोलीस, कोणतं ठाणं, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीनं, काही नाही. मग क्रियाविशेषण. 'उद्यापासून' म्हणजे कधीपासून? मेसेजला तारीख नाही, म्हणून त्यातला उद्या कधीच शिळा होत नाही. तो दरवर्षी नव्यानं पाठवता येतो. मग आज्ञार्थी वाक्यं मोजा. खऱ्या सरकारी पत्रकात 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा' असं असतं का? पोरांनी घरी जाऊन आईबापाच्या फोनवरचे मेसेज वहीत उतरवून आणले आणि दुसऱ्या दिवशीचा तासही त्यातच गेला. प्रयोग शिकवताना मुलांचे डोळे एवढे उघडे मी क्वचित पाहिले आहेत. यात संगणक कुठेच नव्हता. वीजही नव्हती त्या दिवशी, पण ते नेहमीचंच.

आता दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेकडे वळू. पत्रलेखनाचं प्रारूप तुम्ही बदललंत, ई-मेलचं केलंत. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात काय होतं? मुलगा निळ्या पेनानं कागदावर ई-मेल लिहितो. काल्पनिक पत्ता टाकतो, 'अ‍ॅट'चं चिन्ह गोलगरगरीत काढतो, विषय लिहितो, समास सोडतो आणि चांगले गुण घेतो. आयुष्यात त्यानं एकही ई-मेल पाठवलेला नसतो. पुढे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला त्याचं खातं सेतू केंद्रवाला उघडतो, पासवर्डही तोच ठेवतो, आणि तो पासवर्ड केंद्रवाल्याच्याच वहीत राहतो. आपल्या नावाच्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या वहीत आहे याचं पोराला काही वाटत नाही, कारण त्याबद्दल काही वाटायला हवं असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पत्राचा मायना आपण शिकवतो. खातं, पासवर्ड, चुकीच्या माणसाला गेलेलं पत्र परत येत नाही, 'सर्वांना उत्तर' दाबलं की काय होतं, हे त्याच पाठाला जोडून दोन ओळींत येऊ शकतं.

इतिहासाच्या समितीला धुळ्याची आठवण करून देतो. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या शेवटी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. हा माणूस गावोगाव फिरला, वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरं उतरवून वाचली आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही. कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणाला लिहिला, अस्सल की नक्कल, नक्कल असेल तर कुणी केली. आज मुलांच्या फोनवर 'शिवकालीन दुर्मीळ पत्र' म्हणून जे येतं, यंत्रानं बनवलेले ऐतिहासिक पुरुषांचे 'अस्सल फोटो' म्हणून जे येतात, त्यांना हेच प्रश्न लागू आहेत. दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र पाठ आहे. त्यात वर्तमानपत्र आलं, आकाशवाणी आली, दूरदर्शन आलं. मुलाच्या हातातलं माध्यम त्याच पाठात तितक्याच गांभीर्यानं यायला हवं, आणि साधनांची चिकित्सा ही फक्त ताम्रपटाची करायची असते असा मुलांचा झालेला समज तिथेच मोडायला हवा.

गणितवाल्यांचं काम तर सगळ्यात सोपं आहे, आणि सगळ्यात कमी झालेलं आहे. चार अंकी पिन किती प्रकारे होऊ शकतो? 0000 पासून 9999 पर्यंत, दहा हजार. सहा अंकी? दहा लाख. आता जन्मसाल पिन म्हणून ठेवलं, तर तुला ओळखणाऱ्या माणसाला किती प्रयत्न लागतील? घरातल्या माणसांची जन्मसालं मोजा, पाच-सहा. संभाव्यतेच्या पाठात फासे आणि पत्ते किती वर्षं फेकायचे? शेकडेवारीत दुकानदाराची सूट किती वर्षं काढायची? त्याऐवजी हे उदाहरण द्या : एक कर्जाचं अ‍ॅप 3,000 रुपये मंजूर करतं, शुल्क कापून हातात 2,100 देतं आणि सातव्या दिवशी 3,000 परत मागतं. व्याजाचा दर काढा. 2,100 वर आठवड्याला 900, म्हणजे जवळजवळ 43 टक्के, आणि तेही आठवड्याला. आमच्या पोरांना गावातल्या सावकाराचा शेकडा पाच रुपये महिना हा दर तोंडपाठ असतो; घरात त्याच्याच नावानं बोटं मोडली जातात. हे 43 फळ्यावर आलं की वर्गात जे होतं ते एकदा येऊन पाहा. चक्रवाढ व्याज आठवीत आहेच, त्याला वेगळी जागा शोधायला नको. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, ही ओळ कुठल्यातरी पुस्तकात ठळक अक्षरांत छापा हो. कुठल्याही.

भूगोल आणि विज्ञानाच्या बाबतीत खानदेशातला शेतकरीच अर्धा धडा लिहून देईल. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं शेतात उभं राहून गट नंबर टाकायचा, पिकाचा फोटो काढायचा. पुष्कळ घरांत हे काम बाप करत नाही, आठवी-नववीतला पोरगा किंवा पोरगी करते. सहावीच्या भूगोलात तिनं वृत्तं वाचलेली असतात, अक्षांश-रेखांशांच्या रिकाम्या जागा भरलेल्या असतात. पण बांधावर उभं राहिल्यावर फोनवर दिसणारे 21 अंश आणि 75 अंश हेच ते, असा सांधा तिला कुणी जुळवून दिलेला नसतो. रेंज नसतानाही फोनला जागा कशी कळते हा प्रश्न तर सोनं आहे. उपग्रह संदेश सोडतात, फोन तो नुसता ऐकतो आणि अंतरांवरून आपली जागा काढतो. उपग्रहाला तुमचं शेत दिसत नसतं. गावात मोठी माणसंसुद्धा उलटं सांगतात. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : जागा कळते फोनला, मग ती पुढे कोणाला कळवायची हे कोण ठरवतं? तो फोनमधला परवानगीचा चौकोन, ज्यावर आपण सगळे न वाचता 'हो' दाबतो.

यावल-रावेरकडे केळी आहे, आणि केळीचा विमा हवामानावर आहे. ठरावीक तापमान ठरावीक दिवस गेलं की भरपाई. आणि ते तापमान महसूल मंडळात बसवलेलं स्वयंचलित हवामान केंद्र सांगतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास खेळतो, तेव्हा पारावर, चहाच्या टपरीवर याच आकड्यावर वाद होतात. केंद्र मोकळ्यावर आहे की झाडाखाली? जवळ पत्र्याचं शेड आहे का? एक दिवसाची नोंद गहाळ झाली तर काय धरायचं? माहिती म्हणजे डेटा कुठून येतो, तो मोजणारं यंत्र कुठे उभं आहे आणि त्यावरून कोणाच्या पदरात काय पडतं, याचा याहून जिवंत धडा मला माहीत नाही. शाळेच्या ओट्यावर एक तापमापी, महिनाभराच्या नोंदी, केंद्राचे आकडे आणि आलेखाचा कागद. संगणक असला तर स्प्रेडशीटमध्ये भरा. नसला तर वहीत रकाने आखा. बाप ज्या आकड्यासाठी तहसीलला खेटे घालतो तो आकडा मुलाला वाचता यायला हवा.

चॅटबॉटबद्दल एक शब्द, कारण निबंधाच्या वह्या तपासताना आता सगळ्यांचं मराठी एकाच माणसानं लिहिल्यासारखं दिसू लागलं आहे. बंदी घालून उपयोग नाही, घरी कोण पाहणार? मी नववीला उलटं काम दिलं : यंत्राला आपल्या खानदेशच्या देवीवर, 'कानबाईचा उत्सव' या विषयावर निबंध लिहायला सांगा आणि तो तुम्ही तपासा. निबंध आला छान, शुद्धलेखनही छान. पण त्यात कानबाई नवरात्रात बसत होती. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी जिच्या घरी कानबाई बसते तिच्या पोरीनं लाल पेनानं पहिल्याच परिच्छेदावर काट मारली. दुसरीनं विचारलं, "सर, यात रोट कुठं आहेत?" खरंच नव्हते. प्रसादाचे रोट नाहीत, भाऊबंदांचं एकत्र येणं नाही, दुसऱ्या दिवशीचं विसर्जन नाही. 'भक्तिभाव' आणि 'आनंदाचे वातावरण' मात्र ओळीओळीला होतं. यंत्र न अडखळता बोलतं म्हणून खरं बोलतं असं नाही, हे त्या दिवशी मला सांगावं लागलं नाही. ज्या विषयात मुलाला यंत्रापेक्षा जास्त कळतं तिथून सुरुवात करावी, एवढंच माझं या बाबतीतलं शहाणपण. अहिराणी, पावरी, भिलोरी बोलणाऱ्या मुलांकडे असे विषय खूप आहेत.

आता अडचणी. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या 2023-24 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या 57.2 टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक होते आणि 53.9 टक्के शाळांत इंटरनेट. चालू स्थितीतले म्हणजे काय ते आम्हाला विचारा. मी काम केलेल्या एका शाळेत योजनेतून आलेले दहा संगणक होते, कापडी झाकणांखाली. यूपीएसच्या बॅटऱ्या उतरलेल्या, करारावरचा शिक्षक मुदत संपून गेलेला, खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. चपला काढून आत जायचं आणि पाहून बाहेर यायचं, देवदर्शनासारखं. त्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, हे जाता जाता.

पण म्हणूनच तर हे पत्र तुम्हाला आहे. संगणकाची खोली बंद असली तर संगणकाचा विषय बंद पडतो. मराठीचा, गणिताचा तास पडत नाही. वर सांगितलेल्यातलं बहुतेक सगळं खडू आणि फळ्यावर होतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथेही होतं. आणि तिथे त्याची गरज कमी आहे असं समजू नका. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. तेव्हापासून रेशन, शिष्यवृत्ती, बँक, प्रवेश, सगळं अंगठ्यावर आणि ओटीपीवर आलं. सगळ्यात आधी ज्या जिल्ह्याला आकडा दिला, त्या जिल्ह्यातल्या मुलाला तो आकडा कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे शाळेनं अजून सांगितलेलं नाही.

फोन मात्र पोहोचला आहे. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असं आलं. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारे 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76. आणि समाजमाध्यमं वापरणाऱ्यांतही पासवर्ड बदलता येणारे सहाएक दशांशच. स्वतःचा फोन असणाऱ्यांत मुली मुलांच्या मागे आहेत, हेही त्यात आहे; आमच्याकडे मुलीच्या हातात फोन आला की पहिली चौकशी घरचे करतात, आणि तिला कुणी त्रास दिला तर ती घरी सांगत नाही, कारण फोनच काढून घेतला जाईल. तिला 1930 हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आणि तक्रार कशी करायची हे शाळेतच कळायला हवं. दहावीच्या विज्ञानात सामाजिक आरोग्याच्या पाठात सायबर गुन्ह्यांचा मजकूर आहे, मान्य. पण तो दहावीत, दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे, म्हणजे सराव परीक्षेच्या घाईत येतो. फोन तिच्या हातात पाचवीत आलेला असतो.

तुमच्यातले काही म्हणतील, सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच काम नाही. त्यापेक्षा स्वतंत्र विषय बरा. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. पण स्वतंत्र विषयांचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. जलसुरक्षा स्वतंत्र आली, श्रेणीचा विषय झाली. श्रेणीच्या विषयात कुणी नापास होत नाही, म्हणून त्याचा तास जानेवारीत गणिताला जातो, वही डिसेंबरात एका बैठकीत पूर्ण होते. गिरणेला पाणी नसलेल्या उन्हाळ्यातही जलसुरक्षेची वही पूर्णच असते. डिजिटल साक्षरतेची वही मला नको आहे. मला मराठीच्या कृतिपत्रिकेत असा प्रश्न हवा : 'खालील संदेश वाचा. तो विश्वासार्ह आहे का, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?' चार गुण. गुण असले की शिकवलं जातं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं आणि बैठकीत कुणीही न बोलणारं सत्य आहे.

शिक्षकांचं प्रशिक्षण हाही मुद्दा निघेल. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस, विद्यार्थ्यांचे आधार जुळवणं, हे सगळं फोनवर करून शिक्षक वैतागलेला आहे. त्याला 'डिजिटल' म्हटलं की आणखी एक लिंक, आणखी एक फॉर्म एवढंच दिसतं. त्याला तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण देऊ नका. पाठाखालच्या स्वाध्यायात दोन चांगले प्रश्न द्या आणि शिक्षक हस्तपुस्तिकेत त्याबद्दल अर्धं पान. बाकी तो करेल.

तर मागणी एवढी : पाचवी ते दहावीच्या प्रत्येक विषयात, आहे त्याच पाठांना जोडून, असे स्वाध्याय घाला. नवा धडा वाढवू नका, दप्तर आधीच जड आहे. उदाहरणं मुंबई-पुण्याच्या कॅबची आणि पिझ्झाची देऊ नका. केळीच्या भावाचा तारीख कापलेला स्क्रीनशॉट, शिष्यवृत्तीच्या नावानं आलेली खोटी लिंक, ई-पीक पाहणीचा फोटो, अशी द्या. आणि एका समितीत काय ठरलं ते दुसरीला कळू द्या, नाहीतर पाच पुस्तकांत पाच वेळा 'पासवर्ड कोणाला सांगू नये' एवढंच छापून येईल.

मसुदे तयार झाले की आमच्याकडे पाठवा. यावल, चोपडा, साक्रीतले आम्ही काही शिक्षक शनिवारी शाळा सुटल्यावर बसून ते वाचू, वर्गात करून पाहू आणि काय चाललं, काय नाही ते आठवड्याभरात लेखी कळवू. पीडीएफ मात्र पाच एमबीच्या आत ठेवा, आणि फॉन्ट युनिकोड असू द्या. मागच्या वेळचं एक परिपत्रक अजून चौकोन-चौकोनच दिसतंय.

आपला,
यावल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतला मराठी-इतिहासाचा शिक्षक